प्लिंथवरून उतरताना

पीजीच्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फक्त मला. थिअरीचे सगळे पेपर सुटले होते, तेही चांगल्या मार्कांनी, आणि प्रॅक्टिकलमध्ये मी सपशेल आपटले होते. नियम असा की एकात गेलात की सगळं पुन्हा द्यायचं. म्हणजे सहा महिन्यांनी तेच पेपर आणि तीच प्रॅक्टिकल.

मला कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी पीजी लागतं. ते सुटलं नाही तर करंजाड्याला नव्याने निघालेल्या एखाद्या क्लिनिकात जायचं आणि दिवसभर लोकांच्या गुडघ्यांना शेकाचं मशीन लावत बसायचं. त्यात वाईट काही नाही, पण मला ते नको होतं. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या मुलीने शिकवायचं म्हणावं हा आमच्या घरातला जुना विनोद होता. आई म्हणायची, "तू शिकवशील गो, पन पोरांना ऐकू कसं जाईल?"

निकालानंतर विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर माणूस वाईट नव्हता. त्यांना यशापयशाची कारणं शोधायचा नाद होता. पीजीचा कोणता विद्यार्थी पुढे जातो आणि कोणता मागे पडतो, यावर ते दर वर्षी नव्या बॅचला एक व्याख्यान द्यायचे. एन्ट्रन्सचे मार्क, इंग्रजी, हजेरी, हॉस्टेलला राहतो की घरी, झोप पुरेशी घेतो की नाही. त्या दिवशी ते व्याख्यान माझ्या एकटीसाठी होतं.

"तुझी शाळा मराठी," सर म्हणाले. "राहतेस गावात, एकत्र कुटुंबात. घरी अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. सेमिनारला बोलत नाहीस. ग्रुप स्टडीला थांबत नाहीस." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "थिअरी उत्तम आहे तुझी. रिसर्चकडे वळ, डेटाचं काम कर. सगळ्यांचेच हात क्लिनिकल नसतात."

मला भयंकर राग आला. आणि माझा राग म्हणजे काय, तर मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. सीवूड्स स्टेशनापासून करावे गावातल्या आमच्या घरापर्यंत चालत येताना मात्र मी सरांना मनातल्या मनात अशी काही उत्तरं दिली की ती ऐकली असती तर त्यांनी राजीनामाच दिला असता. लहानपणापासून जिवंत चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधल्यात मी. आणि हा माणूस मला म्हणतो, हात नाहीत.

पण राग उतरल्यावर आठवत राहिला तो परीक्षेतला पेशंट. उरणच्या कंटेनर यार्डात काम करणारे एक काका होते, खांदा आखडलेले. परीक्षकांनी सांगितलं, खांद्याचा सांधा मोकळा करण्याचं तंत्र दाखवा. मला त्याचं पान पाठ होतं. कुठे धरायचं, कोणत्या दिशेला, किती दाबाने, सगळं. मी हात ठेवला आणि काका कळवळले. "अहो बाई, बोटं रुतताहेत," असं म्हणून त्यांनी हात छातीशी धरला तो पुन्हा माझ्या ताब्यात दिलाच नाही.

असं का झालं, हे मला माझ्या मैत्रिणीने सांगितलं. ती नांदेडची, हॉस्टेलला राहणारी, आमच्या बॅचमध्ये पहिली आलेली. तिचं अभिनंदन करायला गेले होते आणि रडत बसले होते. ती म्हणाली, "एक विचारू? राग मानू नको. इतकी वर्षं मी तुझ्यावर प्रॅक्टिस केली. तू माझ्यावर कधी हात ठेवलास का गं?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, पण तशी एकही वेळ आठवेना.

आता हे समजायला आमच्या शिक्षणातली एक गंमत सांगायला हवी. आमच्याकडे काहीही शिकवायचं तर ते माणसाच्या अंगावरच दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलला वर्गातलं कुणीतरी प्लिंथवर, म्हणजे आमच्या त्या रेक्झिनच्या उंच पलंगावर, आडवं होतं आणि बाकीचे भोवती उभे राहतात. त्या आडव्या माणसाला मॉडेल म्हणतात. मॉडेल व्हायला कुणी तयार नसतं. खांदा उघडा टाकायचा, पोट दिसतंय की काय याची धास्ती, त्यात एसीत गारठलेले हात अंगावर. शिक्षक "मॉडेल कोण?" असं विचारतात तेव्हा सगळ्या वर्गाला अचानक बुटाच्या नाड्या बांधायच्या असतात.

पदवीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. मॅडम ओळीने इंग्रजीत प्रश्न विचारत येत होत्या. माझ्या आधीच्या मुलीपर्यंत प्रश्न पोचला होता आणि मला उत्तर येत असूनही ते इंग्रजीत कसं उभं करावं हे सुचत नव्हतं. तेवढ्यात मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "मॉडेल?" मी जवळजवळ उडीच मारली. प्लिंथवर पडल्या पडल्या मला आयुष्यातला मोठा शोध लागला. मॉडेलला कुणी प्रश्न विचारत नाही.

त्यात मी होते काटकुळी. मॅडमनी माझ्या खांद्याचं टोक, पाठीवरच्या त्रिकोणी हाडाची कड, मणक्यांची रांग सगळ्यांना दाखवली आणि खूष होऊन म्हणाल्या, "हिची हाडं किती सुंदर दिसतात बघा." आमच्या घरात माझ्या रूपाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून जागा ठरून गेली. बॅगेत एक ढगळ टीशर्ट कायमचा राहायला लागला. पदवी झाली, इंटर्नशिप झाली, पीजी सुरू झालं, मॉडेल मीच. वर्गात पन्नास हात माझ्या खांद्यावर शिकले. माझे दोन हात तेवढे पोटावर ठेवलेले होते. वॉर्डातही मी व्यायाम करून घ्यायचे, चालवायचे, मशीन लावायचे, आणि सांध्याला हात घालायची वेळ आली की पुढे सरसावणारं कुणीतरी असायचंच.

गंमत म्हणजे मला सगळं येतंय असंच मला वाटत होतं. कारण प्रत्येक तंत्र मी अंगावर झेललं होतं. पोहायला शिकवणाऱ्याच्या शेजारी रोज काठावर बसावं आणि आपल्याला पोहता येतं असं वाटावं, तसलाच प्रकार.

मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी स्वतः प्लिंथवर पडून मला हात ठेवायला लावले. पण ते फार सोपं गेलं. "हात सैल सोड," म्हटलं की ती हात सोडायची. पुढची हालचाल कोणती हे तिला माझ्या आधी ठाऊक असायचं. ती म्हणाली, "माझ्यावर शिकून उपयोग नाही. तुला न शिकलेले खांदे पाहिजेत."

न शिकलेल्या खांद्यांची आमच्या घरी काय कमी. आई मासळी बाजारात बसते, तिच्या जोडीच्या बाया गावातल्याच. आमच्या तळमजल्याचे भाडेकरू नुकतेच सोडून गेले होते. बाबांनी एजंटला सांगून टाकलं, "पोरीची परीक्षा होईस्तोवर खोली कोनालाच देनार नाय." सुताराकडून त्यांनी कमरेइतका उंच पलंग करून आणला, वर घरातली जुनी गादी. माझं क्लिनिक तयार झालं, आता पेशंट हवा होता.

पहिली पाळी आईची. तिचा उजवा खांदा वर्षभर धरला होता. वर हात जात नव्हता, अंबाडा घालायला शेजारणीला हाक मारायची. पण आडवी पडायला तयार होईना. "दिवसाउजेडी झोपायला मी काय आजारी हाय?" मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, माझ्या परीक्षेसाठी. तेव्हा कुठे पदर खोचून ती ऑपरेशनला आल्यासारखी पडली, डोळे छताला लावून.

"आई, हात सैल सोड."

"सोडलाय."

मी माझा हात काढून घेतला. तिचा हात तसाच हवेत, जसा मी धरला होता तसा. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, सोडलाय ना?"

मैत्रीण कोपऱ्यात बसली होती, ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र हसू येईना. पुढच्या दिवसांत आईच्या जोडीदारणी आल्या, मावशी आल्या, काकी आल्या, आणि सगळ्यांचं तेच. सैल सोडा म्हटलं की हात अजूनच ताठ. आयुष्यभर टोपल्या उचललेल्या, बर्फाच्या लाद्या सरकवलेल्या हातांना दुसऱ्याच्या भरवशावर राहायची सवयच नव्हती. मी उचलायला गेले की त्या मदत करायच्या. पोरीला कशाला त्रास. आणि त्या मदतीत सांधा आतून घट्ट मिटलेला राहायचा, माझ्या बोटांखाली नुसती कडक माया.

मी "सैल सोडा, सैल सोडा" म्हणून घसा कोरडा केला. एका दुपारी सगळ्या गेल्यावर वैतागून मीच त्या पलंगावर आडवी झाले. सवयच ती. आणि पडल्या पडल्या मला प्रश्न पडला: पन्नास हातांखाली मी पडून राहिले, त्यातल्या कुणाच्या हातात माझा खांदा खरोखर सुटायचा?

उत्तर सोपं निघालं. त्या पहिल्या वर्षाच्या मॅडमच्या. बाकी सगळे बोटांनी धरायचे, लगेच कामाला लागायचे, आणि मी शहाण्यासारखी सैल पडल्याचं नाटक करायचे. मॅडम "सैल सोड" कधी म्हणायच्याच नाहीत. माझं कोपर त्या आपल्या पुऱ्या हातावर घ्यायच्या, बाळाला घेतात तसं, अंगाशी धरायच्या, आणि मग काहीच करायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने माझा हात आपोआप त्यांचा होऊन जायचा. हे कुठल्या पानावर लिहिलेलं नव्हतं. माझ्या खांद्याला ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी आईला घेतलं. तिचा हात माझ्या हातावर घेतला, पोटाशी धरला आणि उभी राहिले. काही बोलले नाही. आई एक मिनिट गप्प राहिली, मग तिला ते जड जायला लागलं आणि तिने बाजारातल्या नव्या गाळेवाल्याचा उद्धार सुरू केला. त्याने पापलेटाचा भाव कसा पाडला, त्याची बायको कशी गोड बोलते. आणि त्या गोड बोलणाऱ्या बायकोबद्दल बोलता बोलताच आईचा हात जड झाला.

मला अजून तो वजनाचा क्षण हातात जाणवतो. वर्षानुवर्षांचा तो हात एकदम सगळा माझ्यावर आला. मी हळूच सांध्याला खाली सरकवलं आणि तो सरकला. पुस्तकात ज्याला आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो ती फट माझ्या हाताखाली उघडली. मला रडू यायला लागलं म्हणून मी थांबले.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "बरं वाटत होतं."

त्यानंतर मला कुणी धरू शकलं नाही. गावातला एकही धरलेला खांदा मी सोडला नाही. दुपारी बाजार आटोपून बाया यायच्या, एक पलंगावर आणि चार खाली लादीवर बसून सूचना द्यायला. रविवारी मैत्रीण यायची, तिला नोकरी लागली होती तरी यायची. जेवणाला आई तिला बोंबलाचं कालवण वाढायची. पहिल्या दिवशी पोरगी काट्यांना घाबरली, नंतर स्वतःहून मागायला लागली.

या बायांची एक अट होती. आधी सांगायचं, मग हात लावायचा. "काय करतंस त्ये नीट सांग. माजा हात हाय तो." मग मी सांगायचे. सांध्याची वाटी म्हणजे काय, तिच्याभोवतीची पिशवी आखडते म्हणजे काय होतं, दुखतं इथे पण बिघाड तिथे कसा. माझ्या पाठांतरातला एक शब्द चालायचा नाही. एकीला सांगून झालं की लादीवरची दुसरी विचारायची, "मंग रात्रीच का ठनकतं?" आणि मी तेही सांगायचे. एकदा मैत्रीण म्हणाली, "तुला कळतंय का, तू गेला अर्धा तास बोलते आहेस?" मला खरंच कळलं नव्हतं.

मग एका सकाळी आई आरशासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात मागे नेऊन तिने स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. जरा वाकडा बसला होता. तो तसाच ठेवून ती बाजारात गेली आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाठ करून मासळी कापत बसली. त्या दिवशी मला वाटलं, आता परीक्षेने काहीही करावं.

सरांची कारणं मी नंतर बरीच तपासली. त्यातलं घरचं कारण खरं होतं, फक्त त्यांनी ते उलटं धरलं होतं. शांतता नसलेल्या त्या घराने मला जितकी अंगं उसनी दिली तितकी कुठल्या हॉस्टेलला मिळाली नसती. फिजिओथेरपीत कोण पास होतं, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच विचारेन की त्याने किती अनोळखी अंगांना हात लावला आणि त्यातल्या कितींनी तो लावू दिला. एन्ट्रन्सचे मार्क त्यानंतर.

परीक्षा आली. पेपर झाले. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांत एक वयस्क मॅडम होत्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, प्रश्न विचारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघणाऱ्या. पेशंटची तपासणी चांगली झाली. शेवटी राहिलं शिकवणं. पीजीच्या परीक्षेत ज्युनिअर मुलांना समोर बसवून एक विषय शिकवून दाखवावा लागतो. मला आखडलेला खांदा आला. कॉलेजातला प्रत्येक जण मला गप्प मुलगी म्हणून ओळखत होता, सर तर मागे पडलेल्या चेहऱ्याने भिंतीला टेकून उभे होते. मी इंग्रजीत सुरू केलं. इंग्रजी माझं जसं होतं तसंच होतं, अडखळत. पण दुसऱ्याच मिनिटाला एका ज्युनिअरने कपाळाला आठ्या घातल्या, आणि आठ्या घातलेल्या माणसाला कसं समजवायचं याचा मला सहा महिन्यांचा सराव होता. मी इंग्रजीतून मराठीत गेले, मराठीतून परत आले, आणि बोलत राहिले. मुलं लिहायची थांबून ऐकायला लागली.

"आता तंत्र दाखव," परीक्षक मॅडम म्हणाल्या.

ज्युनिअर मुलांनी लगेच बुटांकडे पाहिलं. मॅडमनी ते बघितलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि साडी सावरत स्वतःच प्लिंथवर आडव्या झाल्या. "माझ्यावर दाखव."

खोलीत सगळे सरळ उभे राहिले. सर भिंत सोडून पुढे आले. मी मॅडमचा हात माझ्या हातावर घेतला आणि मला लगेच कळलं की त्यांनी तो मुद्दाम ताठ धरलाय. हाडामांसाचा नुसता दांडा. त्यांना बघायचं होतं मी काय करते. जोर लावते का, सैल सोडा म्हणते का.

मी काहीच म्हटलं नाही. हात अंगाशी घेतला आणि उभी राहिले. अर्धं मिनिट गेलं असेल, खोलीतल्यांना ते फार वाटलं असणार. सर हळूच म्हणाले, "मॅडम, वेळ संपत आलीय." डोळे मिटलेल्या मॅडम म्हणाल्या, "थांबा."

आणि त्यांचा हात जड झाला. त्यांनी ठरवून ताठ धरलेला हात त्यांना न विचारता माझ्याकडे आला. मी सांधा खाली सरकवला, एकदा, दोनदा, आणि प्रत्येक वेळी मुलांना काय करतेय ते सांगत गेले. मॅडमनी डोळे उघडले. "दुसरा खांदा," एवढंच म्हणाल्या. मी पलीकडे जाऊन दुसरा केला.

उठून बसल्यावर त्यांनी दोन्ही खांदे वर-खाली केले. "कुठे शिकलीस हे?"

"करावे गावात, मॅडम," मी म्हटलं. "तळमजल्यावर."

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण हसल्या. घड्याळ मनगटावर चढवता चढवता सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "हिला शिकवायला तुम्ही ठेवून घेताय, की मी माझ्या कॉलेजला नेऊ?"

निकाल लागायला अजून अवकाश होता. असं विचारायचं नसतं आणि त्याला उत्तरही द्यायचं नसतं. पण सर घाईघाईने म्हणाले, "आमचीच आहे मॅडम. आम्ही घेतोय."

मला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीवर ठरत नव्हते. पूर्वीची मी असते तर "थँक यू सर" म्हणून खाली मान घालून निघाले असते. मी तिथेच उभी राहिले.

"येईन सर," मी म्हटलं. "पण हातांची प्रॅक्टिकलं मी घेणार."

सर माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "बरं."